काचेची स्लाइड आणि डिजिटल स्लाइड: पॅथॉलॉजी शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणाला नुकतीच सुरुवात केलेल्या डॉक्टरासमोर आज दोन साधने एकदमच येतात. टेबलावर मायक्रोस्कोप असतो आणि शेजारी मॉनिटर. ट्रेमध्ये काचेच्या स्लाइड असतात आणि त्यांच्याच स्कॅन केलेल्या प्रतिमा सर्व्हरवर असतात. दोन्हीकडे तेच दिसते, मग कुठेही शिकलो तरी काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. निदानापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ही दोन माध्यमे डोळ्यांना आणि हातांना वेगवेगळ्या सवयी लावतात, आणि ज्याची सवय एका माध्यमाची आहे त्याची परीक्षा दुसऱ्या माध्यमात घेतली, तर रोगाच्या ज्ञानाबरोबर माध्यमाची ओळखही नकळत तपासली जाते. हा लेख दोघांसाठी आहे: पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरासाठी, आणि स्लाइडचा संच किंवा प्रश्नपत्रिका तयार करण्याची जबाबदारी प्रथमच अंगावर आलेल्या शिक्षकासाठी.

आधी दोन्हींतला फरक नीट समजून घ्यावा

काचेवर असतो तो ऊतीचा साधारण ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेला काप. तो पातळ असला तरी त्याला जाडी आहे. मोठ्या ऑब्जेक्टिव्हखाली एका वेळी त्यातला सुमारे १ मायक्रॉनचाच थर स्पष्ट दिसतो, आणि म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्टचा एक हात फाइन फोकसच्या चक्रावरून कधी हलत नाही. तो सतत थोडे वर, थोडे खाली करत असतो आणि त्या हालचालीतून पेशीचा आकार मनात उभा राहतो. स्कॅनर मात्र सर्वसाधारण कामात प्रत्येक ठिकाणी फोकसची एकच पातळी निवडतो आणि तिचे चित्र घेतो. त्याच्या वरचे आणि खालचे नंतर कोणालाही पाहता येत नाही. काही स्कॅनर अनेक पातळ्यांवर चित्रे घेऊन ती एकावर एक रचतात. पण त्यामुळे फाइलचा आकार आणि स्कॅनचा वेळ दोन्ही तितक्या पटींनी वाढतात, म्हणून ही सोय मुख्यतः सायटोलॉजीसाठी, म्हणजे सुट्या पेशींच्या तपासणीसाठी, राखून ठेवली जाते.

फाइलच्या आकाराचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, म्हणजे पुढच्या बऱ्याच अडचणींची कारणे कळतात. ज्याला '४०एक्स स्कॅन' म्हणतात त्यात एक पिक्सेल ऊतीच्या सुमारे ०.२५ मायक्रॉनचा असतो, तर '२०एक्स' मध्ये सुमारे ०.५ मायक्रॉनचा. ऊतीचा तुकडा १५ मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असेल, तर ०.२५ मायक्रॉनच्या हिशेबाने प्रत्येक बाजूला ६०,००० पिक्सेल, म्हणजे एकूण ३६० कोटी पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन बाइट धरले तर मूळ प्रतिमा सुमारे १०.८ गिगाबाइटची होते. ती दाबून बरीच लहान केली जाते, आणि वेगवेगळ्या वर्धनाच्या प्रती पिरॅमिडसारख्या एकाखाली एक साठवल्या जातात. व्ह्यूअर, म्हणजे प्रतिमा दाखवणारे सॉफ्टवेअर, आपल्याला हवा तेवढाच तुकडा मागवून दाखवतो. नेटवर्क मंद असले की चित्र आधी धूसर येते आणि मग स्पष्ट होते, ते यामुळेच. ते पूर्ण स्पष्ट होण्याआधीच पुढे सरकण्याची घाई नवशिक्याला हमखास होते आणि ती अंगलट येते.

आता वर्धनाचा घोळ. मायक्रोस्कोपवर ४० पटींचा ऑब्जेक्टिव्ह आणि १० पटींचा आयपीस असेल तर वर्धन ४०० पट होते, हे आपण पाठ केलेले असते. पडद्यावर मात्र ०.२५ मायक्रॉनचा पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरच्या पडद्यावरील ठिपक्यावर दाखवला जातो, म्हणजे प्रत्यक्षात हजार पट मोठा होतो. तरीही आपण मॉनिटरपासून साधारण ६० सेंटिमीटरवर बसतो आणि मायक्रोस्कोपचे वर्धन २५ सेंटिमीटर अंतर गृहीत धरून मोजलेले असते; त्यामुळे डोळ्याला भासणारा आकार पुन्हा ४०० पटींच्याच आसपास येतो. मॉनिटर बदलला किंवा खुर्ची मागे सरकली की हा हिशेब बदलतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातल्या '४०एक्स' या आकड्यापेक्षा तिथल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. लाल रक्तपेशी जवळपास असेल तर तिचा ७ मायक्रॉनच्या आसपासचा व्यास ही दोन्ही माध्यमांतली सर्वांत भरवशाची मोजपट्टी.

डिजिटल निदानावर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न आता बऱ्यापैकी निकाली निघालेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये फिलिप्सच्या संपूर्ण स्लाइड स्कॅन करणाऱ्या प्रणालीला प्राथमिक निदानासाठी परवानगी दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात १६ पॅथॉलॉजिस्टांनी १,९९२ रुग्णांच्या स्लाइड दोन्ही पद्धतींनी वाचल्या. मूळ संदर्भ-निदानाशी मोठी तफावत डिजिटल वाचनात ४.९ टक्के आणि मायक्रोस्कोपवर ४.६ टक्के आढळली. हा फरक नगण्य आहे. मात्र या आकड्यांवरून नवशिक्याने परस्पर निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. अशा तुलनांमध्ये वाचणारे लोक तयार पॅथॉलॉजिस्ट असतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नजर काचेवरच तयार झालेली असते. तयार नजर पडद्यावर काम करू शकते, एवढे त्यातून सिद्ध होते. नजर केवळ पडद्यावरच घडवता येते का, या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

पहिली पायरी: मायक्रोस्कोप आपलासा करावा

तुमच्या विभागात सगळे काम पडद्यावर होत असले, तरी पहिले काही आठवडे मायक्रोस्कोपला द्यावेत. त्यातही सुरुवात प्रकाशापासून करावी. ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये सांगितलेली प्रकाशयोजनेची रीत आजही तीच आहे. १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर स्लाइड फोकस करावी. खालचा फील्ड डायफ्रॅम मिटत आणावा. त्याची कडा रेखीव दिसेपर्यंत कंडेन्सर (स्टेजखालचे प्रकाश एकवटणारे भिंग) वर-खाली करावा. प्रकाशाचा ठिपका मध्यभागी आणावा. आणि मग डायफ्रॅम दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम बाहेर जाईल इतका उघडावा. त्यानंतर कंडेन्सरचा स्वतःचा डायफ्रॅम ऑब्जेक्टिव्हच्या छिद्राच्या साधारण तीन-चतुर्थांश ठेवावा. आयपीसमधले अंतर आणि दोन्ही डोळ्यांचा फोकस स्वतःसाठी जुळवून घ्यावा. दुसऱ्याने जुळवलेल्या आयपीसमधून दोन तास पाहिल्यावर येणारी डोकेदुखी ही नवशिक्यांना अभ्यासाची थकावट वाटते. बहुतेकदा ती तशी नसते.

हे सगळे कशासाठी, तर प्रकाश आणि फोकस बदलल्यावर तीच पेशी कशी वेगळी दिसते, हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवलेले असावे. कंडेन्सर खाली घेतला की प्रकाश वाकवणाऱ्या गोष्टी चमकून उठतात. टाक्याचा धागा, स्फटिक, परजीवीचे कवच हे असे सापडते. फोकस हलवला की केंद्रकातला ठळक ठिपका खरा आहे की वर पडलेला रंगाचा कण, हे कळते. पडद्यावर यांपैकी काहीच करता येत नाही. पण ज्याने हे केलेले आहे त्याला पडद्यावरच्या संशयास्पद ठिकाणी 'इथे फोकस हलवला असता तर' हा प्रश्न तरी सुचतो. ज्याने कधी केलेले नाही, त्याला तो सुचतच नाही.

दुसरी पायरी: स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावी

काचेची स्लाइड स्टेजवर ठेवण्यापूर्वी उजेडाकडे धरून पाहावी. किती तुकडे आहेत, कुठे निळसर दाट भाग आहे, कुठे काप दुमडलेला आहे, कव्हरस्लिपच्या कडेखाली काही गेले आहे का, आणि अर्थात लेबलवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का. डिजिटल माध्यमात याच सवयीची जागा संपूर्ण स्लाइडच्या छोट्या छायाचित्राने घेतली आहे, आणि ते उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये.

याचे कारण असे की स्कॅनर संपूर्ण काच स्कॅन करत नाही. ऊती कुठे आहे हे तो आधी स्वतः ओळखतो आणि तेवढाच भाग मोठा करून टिपतो. फिकट रंगलेला मेद, श्लेष्म किंवा अगदी बारीक तुकडा त्याच्या नजरेतून सुटू शकतो. एकदा आमच्या सरावाच्या संचातल्या जठराच्या बायोप्सीत सगळ्या विद्यार्थ्यांनी 'सौम्य जठरदाह' असे उत्तर दिले आणि उत्तरपत्रिकेत 'कर्करोग' असे होते. विद्यार्थ्यांवर बराच तोंडसुख घेऊन झाल्यावर कोणाला तरी काच पाहण्याची बुद्धी झाली. काचेवर पाच तुकडे होते, प्रतिमेत चार. पाचवा तुकडा कडेला होता आणि आजार त्याच्यातच होता. तेव्हापासून तुकडे मोजणे हा आमच्याकडचा पहिला नियम आहे: ग्रॉस (नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेल्या) वर्णनात किती, काचेवर किती, प्रतिमेत किती.

तिसरी पायरी: लहान वर्धनावर थांबायला शिकावे

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत अवघड आहे, आणि दोन्ही माध्यमांचा स्वभाव इथेच सर्वांत वेगळा पडतो.

मायक्रोस्कोपवर २ किंवा ४ पटींचा ऑब्जेक्टिव्ह लावला की ४ पटींवर सुमारे साडेपाच मिलिमीटरचे वर्तुळ एकदम दिसते. मोठ्या ऑब्जेक्टिव्हवर जायचे तर नोजपीस फिरवावा लागतो, प्रकाश जुळवावा लागतो. त्या छोट्याशा कष्टामुळे माणूस जिथे आहे तिथे जरा जास्त वेळ टिकतो. पडद्यावर माऊसचे चाक बोटाखालीच असते. नवशिका एखादी निळी जागा पाहतो, चाक फिरवतो आणि थेट पेशीत शिरतो. तिथून तो बाहेर येतो तेव्हा रचना कशी होती हे विसरलेला असतो. ऊतीचे निदान बहुतांश रचनेवरून होते. पेशी त्याला पुष्टी देतात. हा क्रम उलटला की दाहामुळे बिथरलेल्या पेशी कर्करोगाच्या वाटू लागतात.

यावर मी सुचवतो तो उपाय साधा आहे. पहिली दोन मिनिटे, घड्याळ लावून, १ ते ४ पटींच्या पलीकडे जायचेच नाही. या दोन मिनिटांत तीन गोष्टी लिहायच्या: हा कोणता अवयव आहे, सामान्य रचना कुठे टिकली आहे, आणि ती कुठे मोडली आहे. मग शेतात नांगर चालवावा तसे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत, १० पटींवर संपूर्ण ऊती पालथी घालावी. मायक्रोस्कोपवर स्टेजचे चक्र ही शिस्त आपोआप लावते. पडद्यावर मात्र माऊसने कोणत्याही दिशेला भरकटता येते, आणि आपण सगळे पाहिले असा भ्रम होतो. काही व्ह्यूअरमध्ये पाहिलेला भाग लहान नकाशावर रंगवून दाखवण्याची सोय असते. ती सुरू ठेवावी. पहिल्या आठवड्यात त्या नकाशावर किती पांढरी भोके राहतात हे पाहून मन खट्टू होईल, पण ते पाहणे आवश्यक आहे.

चौथी पायरी: तीच केस दोन्ही माध्यमांत, मध्ये अंतर ठेवून

स्वतःची नजर कुठे कमी पडते आणि माध्यम कुठे कमी पडते, हे वेगळे करायचे असेल तर तीच केस दोन्हीकडे पाहण्याला पर्याय नाही. पद्धत अशी असावी. आधी एका माध्यमात पाहून निदान, त्याची कारणे आणि खात्री किती हे लिहून ठेवावे. 'मनात होते' याला किंमत नाही. मग किमान दोन आठवडे ती केस उघडू नये. त्यानंतर दुसऱ्या माध्यमात पाहावी आणि पुन्हा लिहावे. शेवटी रिपोर्ट वाचावा.

दोन आठवड्यांचे हे अंतर मी मनाने ठरवलेले नाही. एखाद्या प्रयोगशाळेने डिजिटल निदान सुरू करण्यापूर्वी स्वतःची पडताळणी कशी करावी, यासाठी कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तेच आहे: किमान ६० केस, दोन वाचनांमध्ये किमान दोन आठवडे, आणि एकाच वाचकाच्या दोन्ही निदानांतला मेळ ९५ टक्क्यांहून कमी आल्यास कारणाचा शोध. विद्यार्थ्याचा मेळ सुरुवातीला इतका येणार नाही, आणि तो यावा अशी अपेक्षाही नाही. उपयोग होतो तो न जुळलेल्या केसच्या यादीचा. त्या यादीत एकाच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसू लागतात. कोणाचे डिसप्लेसियाचे (कर्करोगपूर्व बदलाचे) ग्रेड पडद्यावर नेहमी एक पायरी चढते, तर कोणाला पडद्यावर प्लाझ्मा पेशी दिसतात पण इओसिनोफिल निसटतात.

पाचवी पायरी: प्रत्येक माध्यमाची दुखरी जागा पाठ असावी

काही गोष्टी पडद्यावर त्रास देतात, आणि त्यांची कारणे वर आलेल्या फोकसच्या आणि पिक्सेलच्या हिशेबातच आहेत. जठराच्या बायोप्सीतला हेलिकोबॅक्टर पायलोरी, झील-नील्सेन रंगातले क्षयाचे विरळ जंतू, केंद्रकातल्या क्रोमॅटिनचा बारीक पोत, इओसिनोफिलमधले चमकदार कण, मायटोसिस (पेशीविभाजन) आणि आक्रसून काळे पडलेले केंद्रक यांतला भेद: या ठिकाणी २०एक्सच्या स्कॅनवर निर्णय देण्याचे धाडस करू नये. सायटोलॉजीतले पेशींचे जाड पुंजके एका पातळीच्या चित्रात अर्धे धूसरच राहतात. काँगो रेड रंगातल्या अमिलॉइडची (ऊतीत साचणाऱ्या प्रथिनाची) सफरचंदी हिरवी झाक ध्रुवित प्रकाशातच दिसते आणि नेहमीचा स्कॅनर तो प्रकाश वापरत नाही; तिथे मायक्रोस्कोपकडेच जावे लागते.

याउलट, जिथे मोजायचे आहे आणि जिथे शेजारी ठेवून पाहायचे आहे, तिथे काच मागे पडते. मेलॅनोमाची खोली किंवा कर्करोगाचे कापाच्या कडेपासूनचे अंतर पडद्यावर एका रेघेत मिळते. त्याच ऊतीचे नेहमीचे रंजन आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिने रंगवणाऱ्या तपासणीचे) चार काप एकमेकांना बांधून एकत्र सरकवता येतात. मायक्रोस्कोपवर हे काम पाच स्लाइड आलटून पालटून ठेवत, स्मरणाच्या भरवशावर करावे लागते.

मायटोसिसच्या मोजणीबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण परीक्षेत यावर हटकून गोंधळ होतो. 'दहा हाय-पॉवर फील्डमध्ये इतके' ही जुनी भाषा आहे, पण फील्डचा आकार मायक्रोस्कोपनुसार बदलतो. आयपीसवर २२ हा फील्ड नंबर (ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागल्यावर फील्डचा मिलिमीटरमधला व्यास देणारा आकडा) असेल तर ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर फील्डचा व्यास ०.५५ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटर येते. १८ असेल तर व्यास ०.४५ आणि क्षेत्रफळ सुमारे ०.१६. म्हणजे दोन विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे दहा-दहा फील्ड मोजले तरी एकाने दुसऱ्याच्या दीडपट ऊती पाहिलेली असते. पडद्यावर तर १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर, ०.२५ मायक्रॉनच्या प्रतिमेचा पूर्ण पडदा म्हणजे जेमतेम ०.१३ चौरस मिलिमीटर होतो. 'एक पडदा म्हणजे एक फील्ड' असे धरणाऱ्याची मोजणी निम्म्याने चुकते आणि ग्रेडही त्याबरोबर घसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्यूमर वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत मायटोसिस प्रति चौरस मिलिमीटर मोजण्यावर भर दिला आहे, तो याच गोंधळामुळे. पडद्यावर चौकट आखून तिचे क्षेत्रफळ वाचावे आणि तिच्या आतलेच मोजावे. मायक्रोस्कोपवर स्वतःच्या आयपीसचा फील्ड नंबर एकदा पाहून, किती फील्ड म्हणजे २ चौरस मिलिमीटर होतात, ते कागदावर लिहून मायक्रोस्कोपला चिकटवावे.

सहावी पायरी, शिक्षकांसाठी: अध्यापनाचा संच तयार करताना

डिजिटल संचाचा मोठा फायदा असा की दुर्मीळ केस एकदा नीट स्कॅन झाली की ती फुटत नाही, हरवत नाही आणि तिचा रंग उडत नाही. काचेवरचे रंजन वर्षांगणिक फिके होत जाते, आणि इम्युनोफ्लुओरेसन्सची चमक तर फार लवकर जाते. पण 'नीट स्कॅन' या दोन शब्दांत बरेच काम दडलेले आहे. स्कॅन करण्यापूर्वी काच स्पिरिटने पुसावी. पूर्वीच्या कोणी तरी पेनने दिलेले ठिपके काढावेत, कारण ते फोकसही बिघडवतात आणि उत्तरही फोडतात. हवेचे बुडबुडे असतील तर कव्हरस्लिप नव्याने लावावी. स्कॅन झाल्यावर तुकडे मोजावेत, आणि चार कोपऱ्यांत व मध्यभागी पूर्ण वर्धनावर जाऊन फोकस तपासावा.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नये. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये स्लाइडच्या लेबलचे छायाचित्र बहुधा वेगळे साठवलेले असते. फाइलचे नाव बदलून 'केस १७' केले म्हणजे रुग्णाची ओळख पुसली गेली, असा समज करून घेऊन संच वाटून टाकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. व्ह्यूअरमध्ये एक टिचकी मारली की लेबलवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक समोर येत होता. ते छायाचित्र फाइलमधून काढल्याशिवाय संच विभागाबाहेर जाऊ देऊ नये.

शिकवण्याच्या पद्धतीतही फरक करावा लागतो. दोन किंवा अनेक डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर शिक्षक स्लाइड फिरवतो आणि विद्यार्थी बघतो. शिक्षकाची नजर कुठे थांबते, कुठून परत फिरते, हे त्यातून न बोलता शिकता येते आणि ते मोलाचे आहे. पण चालवणारा नेहमी शिक्षकच राहतो. पडद्यावर माऊस विद्यार्थ्याच्या हातात द्यावा आणि आपण गप्प बसावे. दुसऱ्याला चुकीच्या कोपऱ्यात चार मिनिटे भटकताना पाहणे हे शिक्षकासाठी खरोखर अवघड असते.

सातवी पायरी: मूल्यमापन

काचेवरच्या परीक्षेत एक जुनी अडचण आहे. पन्नास उमेदवारांना तीच स्लाइड द्यायची तर ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यातून) पन्नास काप काढावे लागतात, आणि पन्नासावा काप पहिल्यासारखा नसतो. बारीक बायोप्सीत काही कापांनंतर नेमका आजाराचा भागच संपतो. म्हणून काचेच्या परीक्षेत मोठ्या आणि ठळक गाठी जास्त येत, आणि रोजच्या कामात ज्या बारीक सुईच्या बायोप्सी पॅथॉलॉजिस्टची झोप उडवतात, त्या परीक्षेबाहेर राहत. डिजिटल स्लाइडने ही अडचण दूर केली: सर्वांना तीच प्रतिमा, तोच पिक्सेल. माझ्या मते परीक्षा डिजिटल करण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे. खर्च आणि सोय त्यानंतर येतात.

प्रश्न तयार करताना स्थिर चित्र आणि संपूर्ण स्लाइड यांतला फरक लक्षात ठेवावा. निवडक भागाचे चित्र दिले की अर्धे उत्तर आपणच दिलेले असते. महत्त्वाची जागा कोणती हे परीक्षकाने ठरवून टाकलेले असते. असा प्रश्न ओळख तपासतो. संपूर्ण स्लाइड दिली तर शोध आणि ओळख दोन्ही तपासले जातात. गुणही त्याप्रमाणे वाटावेत: जागा सापडली का, वर्णन बरोबर आहे का, निदान काय, पुढे कोणती तपासणी मागितली. 'निश्चित सांगता येत नाही, खोलवरचे काप हवेत' हे उत्तर जिथे योग्य आहे, तिथे त्याला पूर्ण गुण मिळतील अशी सोय आधीच करावी.

उत्तरपत्रिका मूळ रिपोर्टवरून कधीही तयार करू नये. रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हाती इतर स्लाइड, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आणि रुग्णाची माहिती होती. उमेदवाराकडे ही एक प्रतिमा आहे. म्हणून तीन-चार अनुभवी पॅथॉलॉजिस्टांना तीच प्रतिमा, त्याच व्ह्यूअरमध्ये, उत्तर न सांगता वाचायला द्यावी. त्यांचे एकमत झाले नाही तर केस कितीही सुंदर असली तरी वगळावी.

काही व्ह्यूअर उमेदवार कुठे गेला, किती वेळ थांबला, किती वर्धनावर होता याची नोंद ठेवतात. चूक कशी झाली हे समजावण्यासाठी ही नोंद उत्तम आहे: आजाराची जागा पाहिलीच नाही, की पाहिली पण ओळखली नाही, या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. मात्र या नोंदीवर गुण देऊ नयेत. तरबेज माणूस पाच सेकंदांत पाहून पुढे जातो, आणि गोंधळलेलाही कधी कधी पाचच सेकंद थांबतो.

व्यवस्थेच्या बाजूने सांगायचे तर सर्वांना एकाच प्रकारचे मॉनिटर, सारखा उजेड, आणि गुण नसलेला एक सरावाचा प्रश्न सुरुवातीला द्यावा. परीक्षेचा व्ह्यूअर उमेदवारांना काही आठवडे आधी वापरायला मिळायला हवा. जास्तीचे संगणक आणि फाइलची स्थानिक प्रत तयार ठेवावी. आणि सगळी परीक्षा पडद्यावर घेतली, तरी एक टेबल काचेचे ठेवावे: प्रकाश जुळवून दाखवणे, ध्रुवित प्रकाशात अमिलॉइड दाखवणे, सायटोलॉजीच्या पुंजक्यातून फोकस खाली नेत पेशी वाचणे. ही कौशल्ये पडद्यावर तपासता येत नाहीत, आणि तपासली नाहीत तर दोन-तीन तुकड्यांनंतर ती कोणी शिकणारही नाही.

आठवी पायरी, उमेदवारांसाठी: परीक्षेपूर्वी

परीक्षा कोणत्या माध्यमात आहे हे लवकर विचारून घ्यावे आणि शेवटचे दोन-तीन महिने सराव त्याच माध्यमात करावा. पडद्यावर असेल तर घरच्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यापेक्षा विभागातल्या मोठ्या मॉनिटरवर, आणि टचपॅडऐवजी माऊसने सराव करावा. क्यूपाथ हा मोफत आणि मुक्त स्रोत असलेला व्ह्यूअर मोजणी आणि चौकटी आखण्याच्या सरावाला पुरेसा आहे. परीक्षा काचेवर असेल तर अनोळखी मायक्रोस्कोप अर्ध्या मिनिटात स्वतःला जुळवून घेण्याचा सराव करावा.

परीक्षेत एखादी प्रतिमा धूसर निघाली, किंवा नेमक्या जागी घडी असली, तर घाबरून अंदाज लिहू नये आणि हात वर करून फक्त तक्रारही करू नये. परीक्षकाला सांगून झाल्यावर उत्तरात लिहावे: प्रतिमेचा कोणता भाग वाचण्याजोगा नाही, जो वाचता येतो त्यावरून कोणत्या दोन शक्यता उरतात, आणि त्यांतली एक निवडण्यासाठी काय हवे, म्हणजे पुन्हा स्कॅन, मूळ काच की ब्लॉकमधून नवा काप.